चुलींची मुंबई

२००१ ते २०११ या दहा वर्षांत बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी १९ लाख ७८ हजारांवरून १ कोटी २४ लाख ४२ हजारांवर गेली. वाढ चार टक्क्यांच्याही आतली. याच दहा वर्षांत कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या मुंबई शहर जिल्ह्यातून अडीच लाख माणसं उणी झाली, उपनगर जिल्ह्यात सात लाखांची भर पडली, आणि खाडीपलीकडच्या ठाणे जिल्ह्यात २९ लाख माणसं वाढली. पालघर तेव्हा वेगळा व्हायचा होता. १ कोटी १० लाख वस्तीचा ठाणे जिल्हा त्या वर्षी देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला.

हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की मुंबईबद्दल आपण वर्षानुवर्षं बोलत आलो ती भाषा अपुरी वाटू लागते. लोंढे येतात, शहर फुगतं, आता पुरे, असं आपण म्हणत असतो. मग फुगणारं शहर दक्षिणेकडे आकसलं कसं? बाहेरून माणसं येत होती हे खरंच आहे. पण तितकीच मोठी घडामोड घरांच्या आत चालली होती. मुलं मोठी होत होती, लग्नं ठरत होती, खोली मात्र तेवढीच राहत होती, आणि एकेका घरातला एक भाग निघून लोकलच्या पुढच्या स्टेशनाकडे सरकत होता. महानगराची वाढ समजून घ्यायची तर माणसांबरोबर घरं मोजावी लागतात, आणि घर कशाला म्हणायचं ते आधी ठरवावं लागतं. पुढची सगळी प्रकरणं या एका म्हणण्याभोवती उभी आहेत, म्हणून इथेच ते जरा सविस्तर मांडतो.

जनगणनेची व्याख्या तशी साधी आहे. एरवी एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरातलं जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. त्यात नात्याची अट नाही. स्वतंत्र मुख्य दार असलेली जागा म्हणजे एक जनगणना-घर. त्यामुळे एका दाराआड दोन कुटुंबं सापडू शकतात, आणि एकमेकांशी काडीचं नातं नसलेली आठ माणसं एक कुटुंब ठरू शकतात. प्रगणक म्हणून दारात येणाऱ्या शाळेतल्या बाई भिंतीवर नंबर टाकतात तो घराचा, आणि आत विचारतात ती चूल. वसतिगृहं, तुरुंग, आश्रम यांची नोंद संस्थात्मक कुटुंबं म्हणून होते. ज्यांना दारच नाही, त्यांची मोजणी एका रात्रीत होते. २०११ मध्ये ती २८ फेब्रुवारीची रात्र होती. त्या रात्री मुंबईत सुमारे ५७ हजार बेघर नोंदले गेले. बेघरांसोबत काम करणारे कार्यकर्ते हा आकडा फार अपुरा मानतात आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. पुलाखाली, बंद दुकानाच्या फळीवर, मालधक्क्यावर, हातगाडीवर झोपलेला माणूस एका रात्रीत हुडकून काढणं हे काम जितक्या माणसबळाचं आहे, तितकं माणसबळ त्याला कधी मिळालेलं नाही.

मोजणी कोणत्या वेळी झाली याला मुंबईत विलक्षण महत्त्व आहे. गोविंद नारायण माडगांवकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि पुढच्याच वर्षी, १८६४ मध्ये, शहराची शिरगणती झाली. आकडा निघाला ८ लाख १६ हजार. आठ वर्षांनी, १८७२ मध्ये, तोच आकडा ६ लाख ४४ हजार होता. मधल्या काळात अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं होतं, कापसाचे चढे भाव कोसळले होते, शेअरांचा बाजार बुडाला होता, आणि तेजीच्या आशेने आलेली माणसं परतली होती. १९०१ च्या जनगणनेचीही अशीच गत. १८९६ मध्ये प्लेग आला आणि पुढे दर हिवाळ्यात तो बळावत राहिला. ऐन साथीच्या दिवसांत गणती झाली, आकडा आला ७ लाख ७६ हजार, १८९१ पेक्षाही कमी. त्याने कोणाचंच समाधान झालं नाही, तेव्हा १९०६ मध्ये शहराची खास गणती करण्यात आली, आणि आकडा ९ लाख ७७ हजारांवर गेला. पाच वर्षांत दोन लाखांची तफावत! यातली काही माणसं खरोखर नव्याने आली असतील, पण बरीचशी पूर्वीपासून मुंबईचीच होती. गणतीच्या रात्री ती रत्नागिरीत, साताऱ्यात, कच्छात आपल्या गावी होती, इतकंच.

मुंबईची माणसं दोन ठिकाणी राहतात, ही गोष्ट तेव्हापासूनची आहे. १९२१ मध्ये शहरात दर शंभरांतली जेमतेम सोळा माणसं मुंबईत जन्मलेली होती. हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या सव्वापाचशेच्या आसपास. हे आकडे नुसते वाचून पुढे जाऊ नये. शहरातल्या जवळजवळ प्रत्येक दुसऱ्या पुरुषाच्या वाट्याला तिथे बाईमाणूस नव्हतं, आणि त्या प्रत्येकामागे कोकणात किंवा घाटावर एक घर होतं, जिथे बायको सासू-सासऱ्यांसह शेत सांभाळत होती आणि महिन्याच्या मनीऑर्डरीची वाट पाहत होती. जनगणनेच्या कागदावर ही दोन कुटुंबं. चाकरमान्याला विचारलं असतं तर त्याने एकच सांगितलं असतं.

हा पुरुष जेवत कुठे होता? गिरणगावात गावकीच्या खोल्या होत्या. एका गावच्या माणसांनी मिळून घेतलेली खोली, वीस-पंचवीस जणांच्या ट्रंका भिंतीला लावलेल्या, रात्रपाळीवाला उठला की दिवसपाळीवाला त्याच जागी आडवा. धोबी तलावाच्या परिसरात गोव्याच्या गावागावांचे कूड होते. बोटीवर कामाला जाणारा खलाशी दोन सफरींच्या मधले दिवस तिथे काढायचा, आणि त्यातले काही कूड आजही टिकून आहेत. बहुतेक कामगारांचं जेवण मात्र खाणावळीत. या खाणावळी चालवणाऱ्या बाया गिरणी कामगारांच्याच घरातल्या, त्यांपैकी किती तरी विधवा किंवा नवऱ्याची नोकरी सुटलेल्या. दहा बाय बाराच्या खोलीत दोन वेळा पंधरा-वीस जणांची पानं वाढणाऱ्या बाईच्या चुलीला एक कुटुंब म्हणायचं की वीस, याचं उत्तर कोणत्याही तक्त्यात मिळत नाही. सावकाराच्या पाशात सापडलेल्या याच बायांना एकत्र आणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. मुंबईच्या लोकसंख्येचा इतिहास लिहिताना गिरण्यांच्या चात्यांची संख्या सगळे देतात. त्या चात्या चालवणारे हात ज्या चुलींवर पोसले गेले, त्यांची गणती मला कुठे आढळली नाही, आणि ही उणीव फार मोठी आहे असं मी मानतो.

पुढे हळूहळू बाया आल्या, मुलं आली, खोलीचं बिऱ्हाड झालं. प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सुधार मंडळाने दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या आणि चाळीही बांधल्या. १९२० च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडीला बीडीडी चाळी उभारल्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्याच्या टोकाला सामाईक. या खोल्या बांधणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे एकटा कामगार किंवा फार तर छोटं बिऱ्हाड असावं. पण त्यांत शंभर वर्षं नांदल्या त्या तीन-तीन पिढ्या. याच वरळीच्या पुनर्विकासातल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या.

स्वातंत्र्यानंतरची वाढ आपल्या परिचयाची आहे. बृहन्मुंबईच्या आजच्या हद्दीत १९५१ मध्ये ३० लाख माणसं होती, १९६१ मध्ये साडेएकेचाळीस लाख, १९७१ मध्ये जवळपास ६० लाख, १९८१ मध्ये ८२ लाख आणि १९९१ मध्ये ९९ लाख. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी कल्याणजवळच्या लष्करी छावणीचं उल्हासनगर केलं. या दशकांवर भरपूर लिहिलं गेलं आहे, म्हणून या पुस्तकात त्यांना एकच प्रकरण दिलं आहे.

त्याऐवजी जास्त पानं दिली आहेत ती घरयादीतल्या दोन रकान्यांना. जनगणनेच्या आधी घरयादी होते. त्या प्रपत्रात कुटुंबाच्या ताब्यात किती खोल्या आहेत हे विचारतात आणि कुटुंबात विवाहित जोडपी किती हेही विचारतात. हे दोन रकाने एकत्र वाचले की शहराचं जे दुःख उमगतं, ते दर चौरस किलोमीटरच्या घनतेच्या आकड्याने कधी उमगत नाही. २०११ मध्ये मुंबईतली निम्म्याहून जास्त कुटुंबं एका खोलीत राहत होती. कुटुंबाची सरासरी संख्या साडेचारच्या आसपास. एका खोलीत साडेचार माणसं, त्यांत आईवडील, लग्न झालेला मुलगा, सून, आणि दहावीला बसलेली धाकटी बहीण. चाळीत वाढलेल्या कोणालाही पुढचं सांगावं लागत नाही. वडील गॅलरीत झोपतात. पोटमाळा नव्या जोडप्याला. धाकटीचा अभ्यास शेजारच्या खोलीत किंवा पालिकेच्या अभ्यासिकेत. पावसाळ्यात गॅलरीत ओल येते, तेव्हा सगळे पुन्हा आत.

केंद्र सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ गटाने २०१२ मध्ये देशातल्या शहरी घरटंचाईचा अंदाज केला होता, १ कोटी ८८ लाख घरांचा. त्यांतल्या सुमारे ऐंशी टक्के कुटुंबांच्या डोक्यावर छप्पर होतं. टंचाई होती ती दाटीची, म्हणजे लग्न झालेल्या जोडप्याला स्वतःची खोली नसण्याची. आणि त्याच सुमारास मुंबईत रिकामी, कुलूपबंद घरं होती सुमारे ४ लाख ८० हजार, देशातल्या कोणत्याही शहरापेक्षा जास्त. एकीकडे जागेअभावी ताटातूट होणारी कुटुंबं, दुसरीकडे इतकी बंद दारं. असं असताना मुंबईत जागाच उरली नाही, हे विधान मला मान्य करता येत नाही. जागा ज्यांना परवडत नाही त्यांना ती नाही, एवढंच आकड्यांवरून म्हणता येतं.

आता त्या सरकणाऱ्या घरांकडे वळू. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि त्यातल्या असंख्यांना पुन्हा कधी पाळी मिळाली नाही. त्यानंतरच्या वीस-तीस वर्षांत लालबाग-परळच्या खोल्यांचं काय झालं, हे माणसांच्या गणतीतून फक्त वजाबाकीसारखं दिसतं. घरांच्या अंगाने पाहिलं तर उलगडा होतो. वडील गेले, खोली विकली, पैशांच्या तीन वाटण्या झाल्या. एक भाऊ डोंबिवलीला, एक नालासोपाऱ्याला, बहिणीच्या वाट्यातून बदलापूरला दोन खोल्या. खोली एक गेली, चुली तीन झाल्या. गिरगावातून डोंबिवलीला जाण्याची वाट तर त्याच्याही आधीपासून मध्यमवर्गीय मराठी घरांनी मळवली होती. २००१ ते २०११ मध्ये मीरा-भाईंदर ५ लाख २० हजारांवरून ८ लाखांच्या पुढे गेलं, बदलापूर ९८ हजारांवरून पावणेदोन लाखांवर, नवी मुंबई ७ लाखांवरून ११ लाखांवर. वसई-विरार १२ लाखांचं शहर झालं, तरी जनगणनेने त्याला बृहन्मुंबईच्या नागरी समूहात धरलंच नाही. १ कोटी ८४ लाखांचा जो आकडा मुंबई महानगराचा म्हणून छापला जातो, त्यात वसई-विरार आणि भिवंडी नाहीत. विरारहून पहाटेच्या गाडीने चर्चगेट गाठणाऱ्याला ही गोष्ट पटणं कठीण आहे. करोनाच्या साथीपूर्वी रोज ७५ लाखांच्या आसपास प्रवासी उपनगरी गाड्यांनी जात-येत होते. महानगराची खरी हद्द त्यांच्या पासावर लिहिलेली असते. म्हणून या पुस्तकात मुंबई म्हणजे संपूर्ण महानगर प्रदेश धरला आहे, नऊ महापालिकांचा.

शहर सोडून जाणं कोणाला मनापासून हवं होतं, हाही प्रश्न आहे. गिरणी कामगारांना आणि त्यांच्या वारसांना शेलू-वांगणीला घरं देऊ केली गेली, तेव्हा आम्हाला मुंबईतच घर द्या म्हणत म्हातारे कामगार आझाद मैदानावर आले. लोकसंख्याशास्त्राच्या पुस्तकांत अशा सरकण्याला उपनगरीकरण म्हणतात आणि ते शहराच्या प्रगतीचं लक्षण मानलं जातं. दोन तासांचा प्रवास रोज दोनदा करणाऱ्या बाईच्या दिवसाकडे पाहून मला हे मानता येत नाही. तिची मुलं ज्या पाळणाघरात किंवा शेजारणीकडे वाढतात, तेही मग त्या घराचाच भाग ठरतं, आणि कोणत्याही गणतीत ते येत नाही.

घरांचा आकारही बदलतो आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ आला, म्हणजे पुढची पिढी आजच्या पिढीपेक्षा लहान असणार. शहरात म्हाताऱ्यांची घरं वाढत आहेत. दादर-पार्ल्याच्या जुन्या इमारतींत मुलं अमेरिकेत आणि इथे दोघंच, किंवा एकटी आई. दुसऱ्या टोकाला कॉट बेसिसवर राहणारी तरुण मुलं-मुली आहेत. गावकीच्या खोलीचीच ही नवी आवृत्ती, फक्त गावाचं नातं गळालेलं आणि भाडं वाढलेलं. भिवंडीच्या यंत्रमागांवर आणि धारावीच्या कारखान्यांत तर जुनी आवृत्तीच चालू आहे: उत्तर प्रदेश-बिहारचे पुरुष, कामाच्याच जागी झोपणं, आणि ओळीने बसून जेवायची खाणावळ. २०११ मध्ये मुंबई शहर जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ८३२ स्त्रिया होत्या आणि उपनगरात ८६०, तर राज्यात ९२९. ही जी तूट आहे, तिच्यातल्या बऱ्याच स्त्रिया आजही दूरच्या गावांत घर सांभाळत आहेत. शंभर वर्षांपूर्वी मराठी घरांनी जे सोसलं, तेच आज ती घरं सोसत आहेत. हे ओळखून त्यांच्याविषयी बोललं जावं, असं मला मनापासून वाटतं.

शेवटी, घराच्या व्याख्येवर माणसांचं किती काही अवलंबून असतं ते सांगायला हवं. जनगणना चूल पाहते. शिधावाटप कार्यालय शिधापत्रिका पाहतं. झोपडपट्टी पुनर्वसनाची पाहणी झोपडीचं बांधकाम आणि त्याच्या पुराव्याची तारीख पाहते. २०११ मध्ये मुंबईतली ५२ लाख माणसं, म्हणजे दर शंभरांतली सुमारे बेचाळीस, झोपडपट्टीत राहत होती. तिथे एका झोपडीत खाली थोरला भाऊ आणि पोटमाळ्यावर धाकटा, दोघांचे गॅस वेगळे, हे अगदी नित्याचं चित्र आहे. जनगणनेत ही दोन कुटुंबं होतात. पुनर्वसनात पात्र ठरते ती एक झोपडी, आणि घर मिळतं एक, तीनशे चौरस फुटांचं. पोटमाळ्यावरचा भाडेकरू तर अपात्रच. धारावीच्या पुनर्विकासात वरच्या मजल्यांवरच्या रहिवाशांना धारावीबाहेर घरं देण्याचं धोरण आहे, म्हणजे त्यांची नोंद तरी झाली. तरीही खालच्या भावाने धारावीत राहायचं आणि वरच्याने बाहेर जायचं, हा निकाल व्याख्येनेच दिलेला असतो.

२०२१ ची जनगणना साथीमुळे झाली नाही, आणि पंधरा वर्षांपूर्वीच्या आकड्यांवर आपण पाण्याच्या योजना, प्रभागांच्या सीमा आणि शिधावाटप ठरवत आलो. नव्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ ठरली आहे, घरयादीसाठी २०२६ चा एप्रिल ते सप्टेंबर हा काळ राज्यांना दिला आहे. या वेळी मोबाइलवर नोंद होईल, कुटुंबाला स्वतःची माहिती स्वतः भरता येईल, जातीचीही नोंद होईल. माझी मागणी अगदी नेमकी आहे. खोल्या आणि विवाहित जोडपी यांचा एकत्र तक्ता प्रत्येक प्रभागासाठी छापला जावा, आणि तो लवकर छापला जावा. २०११ ची भाषेची आकडेवारी २०१८ मध्ये हाती आली. तोवर ज्या मुलाची नोंद पाळण्यात झाली होती, तो शाळेत जाऊ लागला होता.

वाचकांनाही एक विनंती. प्रगणक दारात आले की घरातली सगळी माणसं सांगा. घरी राहून काम करणारी मुलगी, कॉटवरचा भाडेकरू, वेगळी चूल मांडलेला भाऊ, गावाहून सहा महिन्यांसाठी आलेली आई, सगळी. भाडेकरू सांगितला तर खोली जाईल, वेगळी चूल सांगितली तर वाटणीचा वाद निघेल, या भीतीने मुंबईत पुष्कळ माणसं लपवली जातात. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या १५ व्या कलमाने ही व्यक्तिगत माहिती गोपनीय ठेवली आहे. पोटमाळ्यावरच्या माणसाचं नाव तुम्ही प्रगणकाला दिलंत म्हणून ते पुनर्वसनाच्या फायलीत जाणार नाही, आणि वाटणीच्या दाव्यात पुरावा म्हणूनही कोणाला ते पुढे करता येणार नाही.